धूर निळा होईपर्यंत

दुकानात तीन होते.
एक गॅसचा, चार बर्नरचा, आरशासारखा;
त्यात मला आधी माझंच पोट दिसलं.
दुसरा चिनीमातीचा, अंड्याच्या आकाराचा,
किंमत ऐकून मी त्याच्यावरचा हात उचलला.
तिसरा काळा, गोल, पाय इतके बारीक
की पहिल्याच वावटळीत जायसवालांच्या गच्चीवर गेला असता.
भिया, दो साल की वारंटी, विकणारा म्हणाला.
विचार करतो म्हणालो
आणि स्कूटर लोहामंडीकडे वळवली.

मुस्तकीमकडे सोयाबीन तेलाचा रिकामा पिंप होता.
आडवा घातला, खडूनं रेघ मारली,
कटरनं चिरला कलिंगडासारखा.
बिजागऱ्या कुणाच्या तरी मोडक्या फाटकाच्या.
जाळी साध्या सळयांची,
जस्ताची नको, तापली की जहर सोडते,
हे ज्ञान फुकट.
बाकी सगळं धरून अठ्ठावीसशे,
रिक्षा वेगळी.

नंदानगरात, मागच्या अंगणात,
नाना खाटेवरून उठले.
एकतीस वर्षं गिरणीच्या बॉयलरवर,
कान तिथंच राहिले, आणि फंडाचा निम्मा पैसाही.
पिंपाभोवती एक फेरी.
बोटानं टिचकी.
मग, मोठ्यानं, जसे ते सगळंच मोठ्यानं बोलतात:
"चिमणी कुठाय?"

चिमणी नव्हती.
पुन्हा लोहामंडी, तीन इंची पाइप, आणखी चारशे.

रविवारी पहाटे पिंप आतून जाळून काढला,
तेलाचा वास जाईपर्यंत.
बोकडाची मांडी रात्रभर दह्यात होती,
लसूण, निमाडची मिरची,
वृषालीनं वरून दगडी वरवंटा ठेवलेला, मांजरासाठी.
मी लाकडं आणली होती.
नानांनी कडुनिंब बाजूला फेकला: कडू होईल.
चौकटीचा रंगवलेला तुकडा फेकला: अक्कल आहे का.
आंबा ठेवला. जांभूळ वासून पाहिलं, म्हणजे
नाकाला लावून पाहिलं, आणि ठेवलं.

पेटवलं.
पांढरा लोट उठला, जायसवाल भाभींनी खिडकी लावली.
मी मांडी उचलली तर नानांनी मनगट धरलं.
"कच्चं जळण आहे हे.
अशा धुरावर मॅनेजर नोटीस काढायचा."

आम्ही थांबलो.
वृषालीचा भाऊ बायको-मुलांसह आला, कोल्डड्रिंक प्यायला,
दोनदा घड्याळ पाहिलं,
पोरांना भूक लागली म्हणून छप्पनला निघून गेला.
झाकणावरचं थर्मामीटर, साडेचारशे रुपयांचं,
सकाळपासून साठवर अडकून होतं.
नानांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.
जाळीच्या वर तळहात धरला, ओठ हलले,
सातपर्यंत मोजलं, मागे घेतला.
"घाल आता."

मग खुर्ची ओढून बसले.
मी दुपारी आत आडवा झालो, पाच मिनिटं म्हणून.

उठलो तेव्हा अंगणात दिवा लागला होता.
खुर्चीवर विजेचं बिल पडलेलं,
मागच्या कोऱ्या बाजूला
बॉयलरच्या वहीत लिहायचे तसं, पेन्सिलनं, तिरकं:

११.४०  पांढरा.
१२.२५  निळा. पातळ. माल आत.
१.५०   वारा पश्चिमेचा. झडप अर्धी.
२.३०   आंबा एक, जांभूळ एक.
३.१५   मुलगा झोपला.
४.००   पाळी संपली. बदली आला नाही.
५.१०   जायसवाल बाई भिंतीवरून: कशाचा वास, छान आहे. सांगितलं नाही.
६.३५   जांभूळ संपलं.
७.२०   झाकण उघडलं. हाड सैल.
        कवळी न लावता खाल्लं.
७.४५   राख गरम आहे. कुणी हात घालू नये.